गाईंसकट शहर

अमेरिकेहून परतलो तेव्हा आमच्या कॉलनीतल्या मंडळींनी मला चहाला बोलावलं आणि धबधब्याचे फोटो मागितले. माझ्याकडे धबधब्याचा एकही फोटो नव्हता. होते ते एका आठ खाटांच्या हॉस्पिटलचे, चारही बाजूंनी काढलेले, आणि त्याच्या मागे चरणाऱ्या गाईंचे. दोघातिघांनी "वा वा" म्हटलं आणि ते चिवड्याकडे वळले. त्यांना सांगायचं राहून गेलं ते इथे सांगतो, कारण मी जे पाहून आलो ते दाखवायला कुठलाही टूरवाला कुणाला नेणार नाही.

आधी माझी ओळख. मी वर्ध्याचा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात एकतीस वर्षं आकडे मोजले. जन्म, मृत्यू, लसी, खाटा, उंदीर चावलेले, साप चावलेले, सगळं. आमच्या हिची तक्रार अशी की स्वतःच्या लग्नातही हा माणूस पंगतीची पानं मोजत होता. ती तक्रार खरी आहे, आणि त्या दिवशी सात पानं जास्त मांडली होती हेही खरं आहे. गुडघ्यांमुळे ती आली नाही. मी एकटाच पुतणीकडे तीन आठवडे राहून आलो.

शुक्रवार, शुगर लँड

शुगर लँड हे ह्यूस्टनचं उपनगर. जूनमध्ये तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की कुणीतरी ओलं घोंगडं अंगावर टाकल्यासारखं होतं. वर्ध्याचं ऊन बेचाळीसच्या वर जातं, पण निदान घाम तरी वाळतो. घरात मात्र एसी इतका की मी स्वेटर घालून बसायचो. म्हणजे नागपूरहून निघताना हिने बळेच बॅगेत कोंबलेला स्वेटर टेक्सासच्या उन्हाळ्यात कामी आला.

मुग्धा माझी सख्खी पुतणी. नागपूरला इंजिनिअरिंग, मग तिकडे जाऊन मास्टर्स, आता एका आकडेवारीच्या कंपनीत. जावई तेलाच्या कामावर, पंधरा दिवस समुद्रात आणि पंधरा दिवस घरी. तेव्हा तो समुद्रात होता. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. ती दिवसभर दोन स्क्रीनसमोर बसून काय करते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसलो. राज्यातल्या सगळ्या हॉस्पिटलांची यादी होती, आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द लिहायचा होता: शहरी किंवा ग्रामीण. बाप्पा! ज्या कामापायी माझे केस गेले तेच काम माझ्या पुतणीने सातासमुद्रापलीकडे जाऊन शोधून काढलं होतं. मला अगदी भरून आलं.

तिला मात्र भरून वगैरे आलं नव्हतं. ती वैतागली होती. मेबल क्रॉसिंग नावाच्या गावातल्या हॉस्पिटलची मुख्य नर्स, डार्लीन नावाची बाई, हिने कंपनीला पत्र पाठवलं होतं. मुग्धाने मला ते वाचून दाखवलं. त्याचा मराठीत मतलब असा: "आम्ही शहर झालो असं कळलं. मी खिडकीतून बाहेर बघते आहे. बाहेर गाय आहे. कृपया मार्गदर्शन करावे."

पत्राचा पुढचा भाग मात्र हसण्यासारखा नव्हता. सोमवारी यादी निघणार होती. त्या यादीत हॉस्पिटल शहरी ठरलं तर खेड्यातल्या हॉस्पिटलांना सरकारकडून मिळणारी सवलत जाणार, आणि महिनाअखेर त्यांचा आपत्कालीन विभाग बंद. रात्रंदिवस उघडं असलेलं त्या भागातलं ते एकच दार होतं.

आता हा घोळ झाला कसा, ते समजून घ्या. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. एखाद्या काउंटीतले बरेच लोक मोठ्या शहरात नोकरीला जात असले की अख्खी काउंटी शहरी धरतात. गाईंसकट. मग कुणातरी शहाण्याच्या लक्षात आलं की हे काही बरं नाही. म्हणून काउंटीचे लहान लहान तुकडे पाडले आहेत, आणि हॉस्पिटलचा ठिपका ज्या तुकड्यात पडतो तो तुकडा ग्रामीण असला तर हॉस्पिटलही ग्रामीण म्हणता येतं. सगळा खेळ ठिपक्याचा. मेबल क्रॉसिंगच्या हॉस्पिटलचा ठिपका शहरी तुकड्यात पडला होता.

मी मुग्धाला विचारलं, "तू पाहिलं का?"

"काय पाहिलं?"

"हॉस्पिटल."

"काका यार," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या राज्यातली हॉस्पिटलं आहेत ही. बघायला कोण जातं? सॉफ्टवेअर पत्त्यावरून ठिपका टाकतं."

मग मी म्हटलं की निदान ठिपका तरी मोठा करून दाखव. तिने नकाशा मोठा केला. ठिपका एका मॉलच्या पार्किंगमध्ये पडला होता, गादीच्या दुकानाच्या आणि आइस्क्रीमच्या दुकानाच्या मध्ये. दहा मिनिटं शोधल्यावर उलगडा झाला. हॉस्पिटलची बिलं बनवण्याचं काम ह्यूस्टनजवळच्या एका ऑफिसकडे होतं, आणि रेकॉर्डवर पत्ता त्या ऑफिसचा होता. आठ खाटा, एक अपघात कक्ष आणि नर्सबाई असं सगळं गादीच्या दुकानाशेजारी नेऊन ठेवलं होतं.

मुग्धाने मॅनेजरला फोन लावला. त्याने सोमवारी सकाळपर्यंत प्रत्यक्ष जागेचा पुरावा मागितला. तो नाही आला तर यादी आहे तशी जाणार. मुग्धा म्हणाली की उपग्रहाचा फोटो लावून टाकू. फोटोत मेबल क्रॉसिंगला एकसारखी तीन पत्र्याची छपरं दिसत होती. मी म्हटलं, पोरी, छपरावरून दवाखाना आणि गोठा ओळखता येत नाही. आमच्याकडे एक उपकेंद्र कागदावर चार वर्षं चाललं होतं. मी जाऊन पाहिलं तर आत सोयाबीनची पोती. स्थळपाहणी केल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही. ती म्हणाली, "पण इथे तुमची सही कुणी मागितलीच नाही ना!" हे बरोबर होतं. तरी शनिवारी सकाळी सहाला आम्ही निघालो.

शनिवार, रस्त्यावर

मी डब्यात दशम्या घेतल्या होत्या, पण तिकडे पेट्रोल पंपावर कोलाची नावाचा पाव मिळतो, तो खाल्ल्याशिवाय टेक्सास कळत नाही असं मुग्धाचं म्हणणं. मध्ये फळांचा मुरंबा भरलेला गोड पाव. ती तिकडे गाडीत पेट्रोल भरत होती तेवढ्यात मी शहाणपणा करून स्वतःच एक उचलला. त्यात मुरंबा नव्हता, सॉसेज होतं. साठ वर्षं सांभाळलेलं शाकाहारी तोंड पंपावरच्या कचराकुंडीत मोकळं केलं. काउंटरवरच्या बाईने माझा चेहरा पाहिला, काही न विचारता जर्दाळूचा पाव हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. जर्दाळूचा छान होता. मी दोन खाल्ले.

शहर कुठे संपतं आणि खेडं कुठे सुरू होतं, याची प्रत्येक देशाची व्याख्या वेगळी. आपल्याकडे लोकसंख्या बघतात, दाटी बघतात, शेती सोडून दुसरं काम करणारे पुरुष किती ते बघतात. मी नोकरीत ते सगळं केलं, पण माझी खासगी व्याख्या वेगळी आहे. जिथे बसमधून उतरल्याबरोबर अनोळखी माणूस "कोणाकडचे पाव्हणे?" असं विचारतो, ते खेडं. कोणी विचारलं नाही तर शहर. ही व्याख्या मी कधी कागदावर आणली नाही, पण ती चुकलेली मला आठवत नाही.

अमेरिकेत बसमधून उतरायची सोय नाही, त्यामुळे मला नवी पद्धत शोधावी लागली. ती रस्त्यानेच दिली. मोठा हायवे सोडून आम्ही एका लहान रस्त्याला लागलो. तिकडे अशा रस्त्यांना शेतातून बाजाराकडे जाणारा रस्ता असंच सरकारी नाव आहे, ते मला फार आवडलं. समोरून एक पिकअप ट्रक आला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून हात न काढता एक बोट वर केलं. मी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी ओळखीचं आहे का म्हणून. मुग्धा म्हणाली की इकडे सगळे असेच करतात, ओळख लागत नाही.

झालं! मी वही काढली. दर पाच मैलाला समोरून आलेल्या गाड्या किती आणि बोट वर करणारे किती, अशा उभ्या रेघा मारायला लागलो. मागचंही आठवून लिहिलं: हायवेवर शून्य. मॉलजवळच्या वळणावर शून्य. तिथे एकाने बोट दाखवलं होतं, पण मुग्धाने सांगितलं की ते बोट वेगळं असतं, ते धरायचं नाही. लहान रस्त्यावर आधी चारात एक, मग दोनात एक, आणि मेबल क्रॉसिंगच्या अलीकडे सलग नऊच्या नऊ. मी स्वतःही बोट वर करायला लागलो. मुग्धा हसून हसून म्हणाली, "काका, हे रिपोर्टमध्ये टाकता येणार नाही." मी म्हटलं, तुझ्या रिपोर्टमध्ये गादीचं दुकान चालतं, तर माझं बोट का चालू नये?

शनिवार दुपार, मेबल क्रॉसिंग

गाव म्हणजे पाण्याची एक उंच टाकी, दोन चर्च, बंद पडलेलं एक थिएटर आणि एक पिवळा लुकलुकणारा सिग्नल, ज्याला कुणी विचारत नाही. हॉस्पिटल आपल्याकडच्या तालुक्याच्या शाळेसारखं, बैठं आणि लांब. बाहेर बाक. आत फिनेलचा आणि कॉफीचा वास, तो मात्र कुठल्याही देशात सारखाच असतो.

डार्लीन साठीची, ताडमाड उंच, पायात चमकी लावलेले बूट. मुग्धाने आपण कोण ते सांगितलं. बाईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, तुमचे लोक कोण? म्हणजे शब्दशः हेच. तुम्ही कोणाचे? मला तिथेच रडू आलं असतं. मी मुग्धाला म्हटलं, "संपलं काम. हे खेडं आहे. चल परत."

मुग्धाने अर्थातच ऐकलं नाही. तिने फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, दाराचे फोटो काढले. तिचं काम चार मिनिटांत झालं. माझं मात्र व्हायचं होतं, कारण मी पंचनामा करणार होतो.

पंचनामा म्हणजे काय हे डार्लीनला समजावून सांगायला वेळ लागला. दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ स्थानिक माणसं लागतात, त्यांच्यासमोर जागा पाहायची, चारही बाजूंना काय आहे ते लिहायचं आणि सह्या घ्यायच्या. तिला ते इतकं पसंत पडलं की ती बाकावरच्या अर्ल नावाच्या म्हाताऱ्याला उठवून घेऊन आली. हा ब्लडप्रेशर तपासायला सकाळी आला होता आणि गप्पा मारत बसून राहिला होता. मागचं रानही त्याचंच, गाईही त्याच्याच. मी त्याला विचारलं की हॉस्पिटलशी तुमचा काही हितसंबंध आहे का. तो म्हणाला की तो स्वतः इथे जन्मला, त्याची तिन्ही मुलं इथे जन्मली, आणि आई इथे वारली. मी पेन खाली ठेवलं. अशाने गावात एकही पंच त्रयस्थ निघणार नव्हता. शेवटी शेरा मारला: "पंचांचा हितसंबंध आहे, परंतु तो सर्वांचाच आहे." डार्लीन पंच क्रमांक दोन. एक प्रत मराठीत, एक मुग्धाने इंग्रजीत केलेली. चतुःसीमा अशी:

पूर्वेस: गवताच्या गोल गुंडाळ्या व त्यापुढे आणखी गवत. उत्तरेस: डांबरी रस्ता, पलीकडे काहीही नाही. दक्षिणेस: चर्चचं मागचं अंगण. पश्चिमेस: श्री. अर्ल यांच्या गाई, संख्या चौदा किंवा पंधरा.

त्या चौदा किंवा पंधराने घात केला. मी एकतीस वर्षांत "किंवा" असं कधी लिहिलं नव्हतं. एक गाय झाडाआड बसली होती. अर्ल म्हणाला, चौदाच आहेत, माझ्याच आहेत, मला माहीत नाही का. मी म्हटलं, मालकाचा शब्द हा पुरावा नव्हे. आणि पायात चप्पल असताना कुंपणाशी गेलो, एका भुसभुशीत मातीच्या ढिगावर चढलो आणि मोजायला लागलो. अकरा, बारा, तेरा.

तो ढीग मातीचा नव्हता. टेक्सासमध्ये लाल मुंग्या असतात, त्यांचं ते घर. आधी सगळ्या गुपचूप अंगावर चढतात आणि मग एकदम चावतात. मी खोटं सांगत नाही, एकदम. मी नाचलो. अर्लने हॅट काढून माझे पाय झटकले. त्याला वाटलं झालं, मलाही वाटलं झालं. मी हसतसुद्धा होतो. मग तळहातांना खाज सुटली, ओठ जड झाले, आणि मुग्धाला हाक मारायला गेलो तर घशातून आवाजच येईना.

त्या पाच मिनिटांतलं मला सगळं आठवत नाही. अर्लने मला खांद्यावर घेतलं होतं. डार्लीन चमकीच्या बुटांनी धावत आली. पँटवरूनच मांडीत सुई. तोंडावर प्राणवायू. डॉक्टर आतल्या खोलीतून तसाच उठून आलेला, त्याच्या गालावर उशीची घडी उमटली होती. मुग्धा भिंतीला चिकटून उभी, पांढरीफटक. मी घाबरलो होतो. आपण इथे मरणार, आणि पोरीला वर्ध्याला हिला फोन करून सांगावं लागणार, एवढंच डोक्यात चाललं होतं.

हळूहळू घसा मोकळा झाला. डार्लीन कॉम्प्युटरवर माझी नोंद करू लागली आणि तिने मुग्धाला पत्ता विचारला. मुग्धाने शुगर लँड सांगितलं. मी मास्क बाजूला केला. आता हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, शुगर लँड लिहू नका, शहरी रुग्ण वाढला तर तुमची टक्केवारी बिघडेल. मुक्काम पोस्ट सेलू, जिल्हा वर्धा असं लिहा, आमचं मूळ घर तिथलं.

डार्लीनने मास्क परत माझ्या तोंडावर बसवला. "बाळा," ती म्हणाली, "आधी श्वास घे. टक्केवारी नंतर बघू."

परतीचा रस्ता

संध्याकाळपर्यंत तिने मला हलू दिलं नाही. निघताना मुग्धाने डॉक्टरला विचारलं की हे हॉस्पिटल नसतं तर काय झालं असतं. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. म्हणाला, तिथवर गेला असतात, पण काका पोचले नसते. त्याने हे असं सांगितलं जसं कोणी पुढची बस किती वाजता आहे ते सांगतं.

गाडी सुरू करताना मुग्धाने घड्याळ लावलं. मला वाटलं घरी कधी पोचतो ते बघते आहे. समोरून गाड्या येत होत्या, लोक बोटं वर करत होते, मी उत्तर देत होतो, ती देत नव्हती.  डॉक्टरने सांगितलेल्या त्या पुढच्या हॉस्पिटलची पाटी आली तेव्हा तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि घड्याळ बंद केलं. अठ्ठावन्न मिनिटं झाली होती.

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. म्हणाली, "माझ्या यादीत पुढचं हॉस्पिटल अर्ध्या मैलावर होतं, काका." मग ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.  मी स्वतः किती याद्या केल्या असतील. ही चूक तिची नाही, असं म्हणालो असतो तर ते खरं झालं नसतं आणि तिला पटलंही नसतं. मी तिला डब्यातली दशमी दिली. ती तिने रडत रडत खाल्ली.

वर्धा

सोमवारी तिने पुरावा दिला. अक्षांश-रेखांश, फोटो, आणि सोबत पंचनामा. मॅनेजरने म्हणे चतुःसीमा दोनदा वाचली आणि गाई नक्की किती एवढंच विचारलं. यादीत ती ओळ थांबवून ठेवली गेली, वरच्या सरकारी ऑफिसने तपासायला घेतली. माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख आली. मी वर्ध्याला येऊन चिवडा खाल्ला, फोटो दाखवले, आणि रोज सकाळी मुग्धाला फोन करून विचारत राहिलो. निकाल नाही. महिना संपत आला होता.

मग एके दिवशी तिचाच फोन आला तो भर दुपारचा, म्हणजे तिच्या दुपारचा नव्हे, माझ्या दुपारचा. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. पण ती जे सांगत होती ते आदल्या दिवशीचं होतं. तिने वरच्या ऑफिसला फोन करून विचारलं तेव्हा कळलं की निकाल आठ दिवसांपूर्वीच लागला होता. हॉस्पिटल ग्रामीण. फक्त वरच्या ऑफिसने ते पत्र रेकॉर्डवरच्या पत्त्यावर पाठवलं होतं. म्हणजे मॉलमध्ये. गादीच्या दुकानाशेजारच्या त्या ऑफिसात ते ट्रेमध्ये पडून होतं आणि डार्लीन आपत्कालीन विभाग बंद करायची तयारी करत होती.

मुग्धाने ईमेल केला नाही. मॉलमध्ये जाऊन तिने ते पत्र मागून घेतलं आणि एकटी गाडी चालवत मेबल क्रॉसिंगला गेली. मी विचारलं, बोटं किती? ती म्हणाली, मोजली नाहीत, पण सगळ्यांना परत केली.

पोचली तेव्हा डार्लीन दारात शिडीवर उभी होती, आपत्कालीन विभागाची लाल पाटी उतरवत. चारपैकी तीन स्क्रू काढून झाले होते. मुग्धाने खालून पत्र वर दिलं. बाईने शिडीवरच ते उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मी इकडे फोन कानाला धरून उभा होतो आणि माझे डोळे वाहत होते. हिने विचारलं काय झालं, मी हातानेच थांब म्हटलं. मग काय केलं तिने, मी मुग्धाला विचारलं.

 तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबला होता, कुणीतरी एका बाईला उतरवत होतं. डार्लीनने पाटी तशीच एका स्क्रूवर लटकत ठेवली, शिडीवरून उडी मारली आणि दार हाताने धरून त्यांना आत घेतलं.